विमलचे मोकळे हात

अनिलचा फोन आला तेव्हा मी सुपात ज्वारी घेऊन खडे काढत बसले होते. अनिल म्हणजे विमलच्या बहिणीचा मुलगा. निवृत्तीनंतर ती हिंगोलीला त्याच्याच घरी, रस्त्याकडच्या खोलीत राहायची. त्याचा फोन एरवी संध्याकाळचा असतो. सकाळीच वाजला तेव्हा मी समजायचं ते समजले. "मावशी, विमलमावशी गेली," एवढंच तो बोलू शकला, मग त्याच्या बायकोनं फोन घेतला. मी सूप खाली ठेवलं. रडू आलं नाही. नर्सच्या नोकरीत हाडं झिजवलेल्या बाईला मरणाची बातमी कळली की आधी पुढची कामं सुचतात, रडू मागनं सावकाश येतं. मला तर एक ठरलेलं काम होतं. विमलनं स्वतःच ते माझ्या गळ्यात बांधलं होतं.

त्याच्या आदल्या आठवड्यातच मी तिला भेटून आले होते. किडन्या थकलेल्या, पाय सुजलेले, पण जीभ अगदी शाबूत. मी तिची चादर नीट खोचायला लागले तर म्हणाली, "कोपरे नीट घाल शके, मेट्रन राउंडला येईल." आम्ही दोघी हसलो. मग ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि तशीच, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला पांढऱ्यात नेऊ नको. आन् हात मोकळे ठेवू नको माझे. काकणं भर." मी म्हटलं, भरीन. ती म्हणाली, "त्याच्या आधी सरूला सांग. मला जलमभर न्हाई जमलं. तुझं तोंड फटकळ हाय, तुला जमंल." मला तिचा इतका राग आला की मी तिला पाणी पाजून तडक उठले. बसस्टँडवर येऊन मात्र दोन गाड्या सोडल्या आणि तिथंच बाकड्यावर बसून राहिले.

वाचणाऱ्यांना हे कोडं वाटेल म्हणून आधीच सांगून टाकते. विमलनं लग्न केलं नाही, कधीच नाही. पण सेनगावकडच्या साखरा गावात, जिथं तिच्या नोकरीची पहिली दहा-बारा वर्षं गेली, तिथं सगळे तिला विधवा समजत. आणि सरू, जिला विमलनं मरणातून ओढून नर्स केलं, ती तर या एका समजुतीवर उभी होती.

आम्ही दोघी भेटलो परभणीच्या ट्रेनिंगला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती आणि मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. माझं गाव कुरुंदा, तिचं औंढ्याजवळचं एक लहानसं खेडं. तिच्या वडिलांना भावकीनं बजावलं होतं, पोरगी नर्स केली की तिला कुणी करून घेत नाही. आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. वर्गात आम्हाला नर्सिंगचा इतिहास शिकवला तो दिवा हातात घेतलेल्या परदेशी बाईंचा. आमच्या मुलखातला इतिहास मात्र हॉस्टेलच्या खाटांवर आमच्या शेजारी झोपायचा. कुणी विशीच्या आत विधवा झालेली, कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणी मूल नाही म्हणून माहेरी धाडलेली. जिला घरात जागा उरली नाही तिला दवाखान्यात मिळायची, अशी ती रीत. आमच्या मेट्रनबाई स्वतः बालविधवा होत्या. त्यांनी आयुष्यभर पांढरं नेसलं, आणि ते घरचं पांढरं कुठं संपलं नि नोकरीचं कुठं सुरू झालं हे त्यांना तरी सांगता आलं असतं की नाही, कोण जाणे. आमच्या बॅचमध्ये कुमारिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतल्या आम्ही दोघी.

विमलला काकणांचं भारी वेड. बाळंतपणाच्या खोलीत काकणं चालत नाहीत, काच फुटून लेकराला लागते, मळ अडकतो, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. सगळ्यांनी निमूट हात मोकळे केले. विमल मात्र दर रविवारी मनियारणीकडे जायची, हात भरून काकणं घालायची आणि दिवसभर काम नसताना उगाच भांडी घासायची, का तर वाजावीत म्हणून. मी म्हणायची, "अगं, लग्नात एकदाच भर कोपरापर्यंत. आता रोजचं नाटक काहून?" ती म्हणायची, "लग्नात तर भरीनच. पण तवर कान उपाशी ठिवू का?"

अशी ही मुलगी नेमणुकीचा कागद घेऊन साखऱ्याला निघाली. एसटी फाट्यापर्यंत, पुढं चालत. उन्हाळ्याचे दिवस. गावात पोचेपर्यंत कपाळावरचं कुंकू घामात वाहून गेलं होतं. अंगावर नवीन युनिफॉर्मची पांढरी साडी, गळा मोकळा, हात मोकळे. पहिली भेटली ती सखूमाय, गावची दाई. तिनं या पोरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एकदम उराशी धरून रडायला लागली. "एवढ्याशा लेकराचं कपाळ पांढरं केलं गं देवानं…" विमलला काही कळेपर्यंत चार बाया जमल्या होत्या आणि त्याही पदर डोळ्याला लावत होत्या. तिला खरं सांगायला तोंड उघडायची संधी मिळाली नाही. आणि मिळाली तेव्हा तिनं उघडलं नाही.

काहून उघडलं नाही, हे समजायला तो काळ माहीत हवा. तिच्या आधी आलेली नर्स अशीच तरुण, बिनलग्नाची. कौलांवर दगड, दाराशी शिट्ट्या, आणि वर गावाचं म्हणणं की तीच चालू आहे. महिना-दीड महिन्यात ती बदली मागून गेली. एकटी राहणारी, परक्या घरात अवेळी जाणारी, सायकलवर बसणारी बाई म्हणजे काय असते याचं उत्तर गावांनी आधीच तयार ठेवलेलं असायचं. पण विधवा ही त्यांच्या ओळखीची होती. तिच्यासाठी घरात कोपरा होता, नियम होते, आणि एक प्रकारची दयाही. सखूमायनं विमलला स्वतःच्या घरात खोली दिली आणि गावातल्या टोळभैरवांना दम भरला, "दुःखाचं लेकरू हाय, वाकडं बघसाल तर डोळे काढीन." त्या दिवसानंतर विमलच्या कौलावर खडा पडला नाही.

महिनाभरानं ती मला भेटायला आली. मी तेव्हा शिरड शहापूरकडच्या एका उपकेंद्रावर होते. दारातच चपला काढता काढता म्हणाली, "शके, मी रंडकी झाले गं. लगीन न होताच." आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. तिनं सखूमायची नक्कल केली, चार बायांच्या रडण्याची नक्कल केली. गावातल्या फलकावर तिच्या नावाआधी सरकारी पद्धतीनं 'श्रीमती' लिहिलेलं, त्यानं तर गावाची खात्रीच पटली होती. मी म्हटलं, "बरंच झालं की, बिनपगारी राखणदार मिळाला. मेलेला नवरा जित्यापेक्षा बरा." तेव्हा आम्ही विशीत होतो. त्या वयात असल्या गोष्टी विनोदीच वाटतात.

मग हळूहळू हसणं कमी झालं. साखऱ्यात लेकरू अडलं की गाडी जुंपून बाया तिच्याकडे धावत. आडवं आलेलं मूल ती हातानं फिरवून काढी, सखूमाय शेजारी बसून बाळंतिणीला धीर देई. आणि त्याच लेकराच्या बारशाला विमल मागच्या दारापाशी बसे. ओटी भरायला तिला कुणी उठवत नसे. लेकराला जगात आणायला तिचे हात चालत, त्याच्या आईला हळदीकुंकू लावायला चालत नसत. बाया वाईट नव्हत्या. जेवणाचं पहिलं ताट तिलाच देत, पुरणाची पोळी बांधून देत. फक्त कुंकवाचा करंडा तिच्यापाशी आला की पुढच्या बाईकडे सरके. "दर खेपेला सरकतो गं," ती एकदा म्हणाली. "बघायचं न्हाई म्हणते, तरी नजर जाती."

तोवर तिनं फक्त गैरसमज दूर केला नव्हता. तोंडानं खोटं बोलली ती सरूसाठी. सरू साखऱ्यातल्याच एका शेतकरी घरातली सून, सातवी शिकलेली. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा विहिरीच्या कामावर सुरुंगात गेला. तिनं अन्नपाणी टाकलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, कुणी उठवलं तर डोळे मिटून घ्यायची. सासू-सासऱ्यांनी हात टेकले तेव्हा सखूमाय विमलला घेऊन गेली आणि म्हणाली, "तूच सांग हिला कायतरी. तुझ्यावर बी आलीच व्हती की ही येळ." घरातल्या सगळ्या बाया विमलच्या तोंडाकडे बघत होत्या. विमल मला नंतर म्हणाली, "त्या पोरीची नाडी इतकी बारीक लागत व्हती शके… मी तिथं काय सांगणार, की मला नवराच नव्हता?" ती सरूच्या शेजारी आडवी झाली, तिच्या अंगावर हात टाकला आणि म्हणाली, "माझा मालक गेला तवा मी बी अशीच पडून व्हते. मंग उठले." सरूनं पहिल्यांदा डोळे उघडून विचारलं, "कशा उठला?" विमल म्हणाली, "आधी दूध पेले." आणि सरूनं दूध घेतलं.

पुढं सरू रोज उपकेंद्रात येऊ लागली. सुया उकळायला पाणी ठेव, लसीच्या दिवशी लेकरं रांगेला लाव, अशी बारीकसारीक कामं करता करता तिचे हात बसले. दोन वर्षांनी विमलनं सासऱ्यांच्या पाया पडून तिला परभणीला ट्रेनिंगला घातलं. सासरे तयार झाले ते एकाच गोष्टीवर. ते म्हणाले, "तुमी बी त्यातल्याच, तुमी अब्रूनं राहून राहिल्या, म्हून धाडतो."

आणि नेमका तेव्हाच रामकिसन आला. तो हिवताप विभागात कामाला होता, शिरड शहापूरचाच. माझ्या भागातली गावं त्याच्याकडे. घरोघर जायचं, ताप आलेल्यांचं बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचं, फवारणी करायची. माझ्या क्वार्टरवर चहाला थांबायचा. सुटीला विमल आलेली असली की चहा जरा लांबायचा. मी काय आंधळी नव्हते. तो विमलचं सगळं जाणून होता, साखऱ्याचं नाटकही. एक दिवस त्यानं मलाच विचारलं, "ताई, त्या गावातला मेलेला नवरा कवा उठवायचा? मला त्याची जागा पायजे." एवढा सरळ माणूस. मी विमलला सांगितलं तर तिचं तोंड लाल झालं. त्या रात्री तिनं भाकरी करपवली, तीही माझ्या घरी, माझ्या पिठाची.

आता वाटतं, तिथं सगळं सुखानं मार्गी लागायला हवं होतं. मी तिला सांगून दमले. गावाला खरं सांगू नको हवं तर, विधवेनं दुसरं लग्न केलं म्हणू दे. ती म्हणाली, "म्हणतील की. नर्स झाली की विधवा दुसरा नवरा करती, असं म्हणतील, आन् सरूचा सासरा दुसऱ्या दिवशी परभणीला जाऊन तिला वढून आणंल. तिचं ट्रेनिंग अर्ध्यावर हाय." बरं, मग खरं सांग. तेव्हा ती माझ्याकडे अशी बघत राहिली जशी मीच खुळी. "सरूला काय सांगू? की तुला उठवलं ते खोटं बोलून? ती पोरगी अजून सुटीला आली की माझ्या मांडीवर डोकं ठिवती शके. म्हणती, तुमी जगल्या म्हून मी जगून राहिले." मी फाडफाड बोलले तिला. म्हटलं, तू काय देवी आहेस का, सगळ्यांची ओझी उचलायला? ती म्हणाली, "थोडे दिवस. तिचं ट्रेनिंग होऊ दे, ऑर्डर हातात येऊ दे. तवर थांबंल तो." रामकिसन थांबलाही. पण त्याची आई अंथरुणाला खिळली होती, तिला डोळे मिटायच्या आधी सून बघायची होती, आणि घरच्यांना थांबायचं काही कारणच सांगता येत नव्हतं. सरूच्या ट्रेनिंगचे शेवटचे महिने उरले असताना त्याचं लग्न दुसरीकडे ठरलं.

त्या लग्नाला आम्ही दोघी गेलो. मी म्हटलं होतं, येऊ नको. ती आली, युनिफॉर्मवरच. ड्युटी करून आले म्हणाली, पण त्या दिवशी तिची सुटी होती हे मला ठाऊक होतं. अक्षता टाकताना ती मांडवाच्या खांबापाशी मागं उभी राहिली. मी ओढलं तर हात सोडवून घेतला. "सवय झाली," म्हणाली. जेवली मात्र व्यवस्थित. परतताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नवरी गोड हाय नाही?"

पुढची वर्षं कामात गेली. माझं लग्न झालं, वसमतला घर झालं. सरूला वसमतकडे ऑर्डर मिळाली आणि ती मान वर करून नोकरी करू लागली. विमलच्या बदल्या झाल्या, पण साखऱ्याची माणसं कुठंही भेटत. बसमध्ये, बाजारात, दवाखान्यात. त्यामुळं तिनं हात मोकळेच ठेवले. मला तर वाटायचं, आता कुणी बघत नसतं तरी तिनं ते भरले नसते. नर्सचं जग आमच्या डोळ्यांदेखत बदललं. डोक्यावरची ती कडक टोपी गेली, पांढऱ्या साडीच्या जागी रंगीत युनिफॉर्म आले. लग्न झालेल्या, लेकराबाळांच्या मुली नर्स होऊ लागल्या, आणि स्थळं बघताना लोक आपणहून विचारू लागले, मुलगी नर्स आहे का, नोकरी पक्की असते म्हणे. विमल हे बघून खूश व्हायची. एकदा शिकाऊ मुलींचा घोळका गप्पा मारत आमच्या शेजारून गेला. काकणं मनगटावरून वर सारून, फीत लावून बसवलेली. विमल रस्त्यात थांबून त्यांच्याकडे बघत राहिली. "आपल्या येळेला ही फीत कुणाला सुचली न्हाई बघ," म्हणाली. हसत होती.

तर त्या सकाळी मी वसमतहून निघाले. कपाटातली डाळिंबी साडी घेतली, सुनेनं दिलेली, कोरी. हिंगोलीत उतरल्यावर काकणांच्या दुकानात गेले. दुकानातली मुलगी म्हणाली, "मावशी, माप?" मी हात पुढं केला, "याच्याहून एक माप लहान." ती म्हणाली, "लगीनघर हाय का?" मी म्हटलं, "हो." दुसरं काय सांगणार.

अनिलच्या घरी पोचले तर साखऱ्याहून जीप भरून बाया आलेल्या. सखूमाय जाऊन वर्षं लोटली, पण तिच्या सुना, नातसुना, विमलच्या हातावर जन्मलेली नि आता केस पांढरे होऊ लागलेली माणसं. सरू विमलच्या उशाशी बसली होती. तीही आता निवृत्त, अंगावर फिक्कट साडी, हात मोकळे. पांढरं पातळ घडी घालून तयार ठेवलेलं मी पाहिलं. मी सरूला उठवून मागच्या अंगणात नेलं. बाईनं काम दिलं होतं ते करायलाच हवं होतं, आणि मला गोड बोलून सांगायची विद्या येत नाही.

"सरू, विमलचं लग्न झालं नव्हतं. कधीच. तिला नवरा नव्हता."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी थोडक्यात सगळं सांगितलं, सखूमायचा गैरसमज, दगडांची भीती, तिच्या उशाशी बोललेलं खोटं, विमलची शेवटची इच्छा. फक्त रामकिसनचं नाव काढलं नाही. ते सांग म्हणून विमलनं मला सांगितलं नव्हतं. सरू धुण्याच्या दगडावर बसली.

"मंग माझ्यापाशी बसून रडायची ते?"

"रडणं खरं होतं," मी म्हटलं. "नवरा तेवढा खोटा."

"फशिवलं म्हणा की मला."

"हो."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, आता ही उठून जीपमध्ये जाऊन बसेल, आणि तिचं काही चुकलं असं मी म्हटलं नसतं. तिनं हात पुढं केला. "काकणं आणली का?"

आत आम्ही विमलला डाळिंबी साडी नेसवली. साखऱ्याच्या बायांत कुजबुज झाली. सरूनं एकाच वाक्यात सांगून टाकलं, "बाई कुवार व्हती. आपुन चुकलो." कुणी तोंडावर पदर घेतला, कुणी मटकन खाली बसलं. मग सरू काकणं भरायला पुढं झाली तशी एक म्हातारी म्हणाली, "सरू, तू नको. सवाशिणीला भरू दे." सरूनं मान वर केली नाही. "माझ्यासाठी तिनं हात मोकळे ठिवले माय," ती म्हणाली. "मीच भरणार." ताठलेला हात, पण नर्सचेच हात भरत होते. अंगठा तळव्यात दुमडून, कुठं जोर लावायचा नि कुठं नाही ते जाणून, तिनं एकेक काकण सरकवलं. एक वाढलं, तिनं तुकडे पदरात घेतले. दोन्ही हात कोपराच्या दिशेनं भरत गेले. ती म्हातारी जागची उठली आणि करंडा घेऊन आली. या वेळी तो विमलला ओलांडून पुढं गेला नाही.

तिथं हे सगळं संपलं असतं तर मी हा लेख लिहिलाही नसता कदाचित. पण गेल्या रविवारी सरू माझ्याकडे आली. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग कपातला चहा तसाच ठेवून ती म्हणाली, "अक्का, एक गोष्ट मला समजंना झालीय. नवरा न्हवता, तर मंग तो माणूस कोण?"

"कोणता माणूस?"

"तिचा मालक. पयल्यांदा ती त्याच्याबद्दल काई बोलायची न्हाई. ऑर्डर घेऊन मी तिला पेढे द्यायला गेले, तवा मी इच्यारलं, तुमचे मालक कसे व्हते. मंग सांगत बसली. उंच व्हता म्हणे. एका खांद्याला सदा पिशवी, म्हून चालताना तिकडं झुकायचा. चहा बशीत वतला तरी कपाचा कान सोडायचा न्हाई. राग आला की बोलायचा न्हाई, नुसता हसायचा. आन् सायकलीवर आला की गल्लीच्या तोंडालाच घंटी वाजवायचा, बाया आवरून सावरून बसाव्या म्हून. हे सांगताना ती इतकी रडली अक्का… मीच तिला धरून बसले. पुढं साखऱ्याच्या बायांत बी मालकाचा इषय निघाला की रडायची. असं खोटं कुणी सांगतं व्हय?"

मी कप खाली ठेवला. तो माणूस माझ्या ओसरीवर बसून कपाचा कान धरून चहा प्यायलेला होता. ती घंटी मी शंभरदा ऐकली होती. सरूला ऑर्डर मिळाली ती रामकिसनच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांनी.

"कवा वारला तो?" सरूनं विचारलं.

"वारला नाही," मी म्हटलं. "शिरड शहापूरला आहे. नातवंडांना शाळेत सोडतो."

माझ्यापाशी विमल त्याच्यासाठी एकदाही रडली नव्हती. त्या बसमध्येसुद्धा नाही. ज्याच्यासाठी रडायचा तिला काही हक्क नव्हता, त्याला तिनं साखऱ्यात मेलेला नवरा करून टाकला होता आणि जन्मभर त्याच्यासाठी उघड उघड रडून घेतलं होतं, सगळ्या गावाला बरोबर घेऊन. आणि मी तिची जिवाची मैत्रीण, मला त्यातलं काही कळलं नाही.

आता एक गोष्ट समजते, जिच्यावरून मी तिला फार चिडवलं. हिंगोलीच्या त्या रस्त्याकडच्या खोलीत बोलता बोलता ती मधेच थांबायची. मी म्हणायची, म्हातारपण आलं, बोलायचं विसरतेस. ती म्हणायची, "व्हय गं, इसरले." त्या रस्त्यानं शाळेच्या पोरी सायकलवरून जातात. परवा अनिलकडे गेले होते, त्या खोलीत त्याच्या बायकोशी बोलत बसले होते. शाळा सुटली, रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. माझं वाक्य अर्ध्यावर राहिलं. "काय म्हणत होता मावशी?" तिनं विचारलं. मी म्हटलं, विसरले.